गरम, तेलकट, आंबट

माझी उमेदीची वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये गेली. रबाळे एमआयडीसीत मशीनवर उभं राहून डबे, मग, झाकणं काढली. त्यामुळे कुणी सरसकट 'प्लास्टिक वाईट' म्हणालं की मी विचारतो, कुठलं? तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा वेगळा आणि पीव्हीसीचं मऊ खेळणं वेगळं. मात्र उष्णता, तेल आणि आंबट यांच्याशी गाठ पडली की कुठल्याही प्लास्टिकमधून थोडंफार काही अन्नात उतरण्याची शक्यता वाढते. म्हणून कोपरखैरण्याच्या आमच्या घरात या तीन गोष्टी प्लास्टिकमध्ये ठेवत नाहीत. कोरडे पोहे, रवा, डाळी खुशाल ठेवतो, त्याने काही बिघडत नाही.

पहिलं लोणचं हलवलं. तेल, मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वर्षभराचा मुक्काम! आईला सांगायचीही गरज पडली नाही, ती कधीपासून बरणीच मागत होती. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून चिनी मातीच्या बरण्या आणल्या.

पीव्हीसीचं थोडं सविस्तर सांगतो. मुळात ते कडक असतं. मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात, काही वस्तूंमध्ये तर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. ते प्लास्टिकला रासायनिकदृष्ट्या जोडलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं, म्हणून तेल लागलं की बाहेर पडतं. यातली काही थॅलेट्स शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्या बाबतीत ही काळजी सर्वांत जास्त. बाळ तर खेळणं आधी तोंडातच घालतं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्या मानकांमध्ये थॅलेट्सवर मर्यादा आहे. रस्त्यावरचं उग्र वासाचं, मऊ, बिनमार्कचं खेळणं नातीच्या हातात मी देऊ देत नाही, मग ते कुणी कितीही प्रेमाने आणलेलं असो.

हॉटेलातून रस्सा आला की त्याचे काळे डबे धुऊन ठेवायची पद्धत घरोघरी आहे. आमच्याकडे ती बंद केली. भंगारातलं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा, म्हणजे कच्चा माल, रंगीबेरंगी असतो. त्यात काळा मास्टरबॅच, म्हणजे दाट रंगाचा दाणा, टाकला की सगळं एकसारखं दिसतं. प्रत्येक काळा डबा भंगारातलाच असतो असं नाही, पण नुसतं बघून ओळखता येत नाही. आता रस्सा आणायला स्टीलचा डबा घेऊन जातो. टपरीवरचा उकळता चहा पिशवीत बांधून आणणाऱ्यांना तर मी भर रस्त्यात थांबवतो.

पाण्याचा वीस लिटरचा निळसर जार एकदा उलटा करून बघा. तळाला ७ किंवा पीसी लिहिलेलं असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे बिस्फेनॉल ए (बीपीए) या रसायनापासून बनवलेला. असे जार वर्षानुवर्षं फिरतात. कडक साबणाने, गरम पाण्याने धुतले जातात, मे महिन्यात उघड्या टेम्पोत तापतात, म्हणजे ते रसायन पाण्यात उतरण्याची शक्यता वाढते. ओरखड्यांनी धुरकट झालेला जार तर मी परतच पाठवतो. बाळाच्या दुधाच्या बाटल्या बिस्फेनॉल ए-मुक्त असाव्यात हे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकातच घातलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये या रसायनाची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २०,००० पट खाली आणली. एवढा फरक वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. बाटलीवर 'बीपीए फ्री' छापलेलं असलं तरी त्याच्या जागी काही वेळा त्याचंच भावंड, बिस्फेनॉल एस, वापरलेलं असतं. म्हणून सुनेला मी काचेची बाटलीच घ्यायला लावली.

आमच्या सोसायटीत गणपतीत मंडपामागे जारांची रांग लागते. यंदा समितीच्या बैठकीत मी स्टीलची पिंपं ठेवण्याचा विषय मांडलाय. नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते गाळून, उकळून, गार करून भरायचं. दोन पिंपं कुणाच्या तरी घरातून मिळतील. उकळायचं काम आमच्या मजल्याने घेतलंय, भांडी तेवढी मोठी हवीत.