लग्नाचं शूटिंग आणि पावतीमागच्या अटी

धाकटीचं लग्न ठरलं आणि फोटो-व्हिडिओचं खातं माझ्या गळ्यात पडलं. व्हिडिओवाला शोधणं, पॅकेज, अ‍ॅडव्हान्स, सगळं पटापट उरकलं. घोडं अडलं ते मंगल कार्यालयाच्या ऑफिसात. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

व्हिडिओवाला पोरगा हुशार. म्हणाला, "ताई, आधी हॉल बघू, मग आकडा सांगतो." असं म्हणणाराच धरा. हॉलमध्ये शिरल्याशिरल्या तो मान वर करून दिवेच बघत बसला. स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी. मला नवरीच्या जागी उभं करून त्याने कॅमेऱ्यात दाखवलं, तर माझं तोंड वांग्यासारखं, आणि वरून काळे आडवे पट्टे सरकतायत. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेरा पकडतो. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 वर ठेवला की पट्टे बहुतेक जातात. जांभळा रंग मात्र हटत नाही. म्हणून त्याला स्वतःचे दोन पांढरे लाइट लावायचे होते, आणि मंगलाष्टकं चालू असेपर्यंत रंगीत दिवे बंद हवे होते.

एवढंच विचारायला मी ऑफिसात गेले.

मॅनेजरसाहेबांनी आमची बुकिंगची पावती उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं. "बाहेरचे लाइट चालत नाहीत. आमचाच डेकोरेटर."

"मग त्यांना पांढरे लावायला सांगा."

"त्यांच्याकडे रंगीतच आहेत."

"मग आमचे लावू द्या की."

"रॉयल्टी पडेल."

"किती?"

"ते मालक सांगतील."

मालक कधी भेटतात, तर "येऊन-जाऊन असतात". फोनवर सापडले तेव्हा म्हणाले, "मॅनेजर बघतील, मी त्यात पडत नाही." मॅनेजरना हे सांगितलं, तर म्हणे तोंडी निरोप चालत नाही. बरं, मग लेखी द्या. लेखी आम्ही कुणालाच देत नाही! मध्येच एक नवीन फाटा फुटला: जास्तीच्या लाइटने लोड येईल, फेज उडेल, ऐन मुहूर्ताला अंधार झाला तर जबाबदार कोण?

इथे माझी सटकली. पण ऑफिसात भांडण्याऐवजी मी मागच्या बाजूला कार्यालयाच्या वायरमनकाकांना गाठलं. त्यांनी स्टेजच्या पडद्यामागचा पंधरा अँपिअरचा प्लग दाखवला, कूलरसाठी ठेवलेला, वेगळ्या लाइनवरचा. व्हिडिओवाल्याचे दोन्ही लाइट मिळून सहाशे वॅट. साधी इस्त्री हजार वॅटची असते. तशीच परत आले आणि विचारलं, "साहेब, वधूपक्षाच्या खोलीत सकाळभर साड्यांना इस्त्री चालते. तिची रॉयल्टी किती?"

मॅनेजरनी चष्मा काढून पुसला. मग तीन हजारांवर आले. मी भरले, पण पावतीवर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं: 'दोन लाइट, स्टेजमागील प्लग, मुहूर्ताच्या वेळी रंगीत दिवे बंद.' खाली सही-शिक्का. तीन हजार देताना जिवावर आलं, तरी तो कागद त्याहून मोलाचा ठरला. लग्नाच्या दिवशी बारा वाजता स्विचबोर्डवरचा मुलगा म्हणालाच, "मला कुणी सांगितलं नाही." पर्समधून पावती काढली, दिवे बंद.

तेव्हा हॉल बुक करतानाच, पैसे देण्याआधी, पावतीची मागची बाजू वाचा. लाइट, कॅमेऱ्याचा स्टँड, ड्रोन, हॉल किती वाजता ताब्यात मिळणार, सगळं तिथेच विचारून घ्या. एकदा अ‍ॅडव्हान्स गेला की आपलं कोण ऐकतंय? आणि वायरमनला आधी भेटा, मॅनेजरला नंतर.

ड्रोनवरून आठवलं. पॅकेजमध्ये ड्रोन होता. आमचं कार्यालय पुण्यात नगर रोडला, लोहगाव विमानतळाला लागून. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन असतात आणि लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. आम्ही लाल रंगात होतो. ड्रोन काढून टाकला आणि त्या पैशात दुसरा कॅमेरामन घेतला.

तो लागतोच. अंतरपाट क्षणात खाली येतो, आणि एका कॅमेऱ्यात एकाचाच चेहरा मिळतो. अंतरपाट धरणाऱ्यांना आधीच सांगा की कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. मोबाइल उंचावून पुढे घुसणाऱ्यांना आवरायला एक खमक्या काका नेमा.

गुरुजींशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे पळतात आणि सप्तपदीच्या मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. आमच्या गुरुजींनी माइकवरून घरच्या मंडळींना थांबवून घेतलं, निदान पहिल्या दोन रांगा भरल्या. गौरीहराच्या खोलीत ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडा. आमच्या फिल्ममध्ये सगळ्यात देखणं तेच आलंय. नऊवारी आणि मेकअपला पार्लरवाली सांगते त्यापेक्षा तासभर जास्त धरा. जोडीचे शॉट मेच्या भर दुपारी काढू नका, पाचनंतर काढा.

शेवटचा हप्ता सगळं शूटिंग तुमच्या हार्ड डिस्कवर उतरल्यावरच द्या. एडिटिंगला महिने लागतात, तोवर निदान मूळ फाइली तरी हातात असतात.

आणि हो, कानपिळीच्या वेळी भाऊ जागेवर हवा. आमचा मामेभाऊ तेव्हा मठ्ठ्याच्या पिंपापाशी सापडला.