बिकनेलचा लव्हाळा ओळखायला शिकलो, तो माझा अनुभव

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ रानात, मे महिन्यात नुसती पाती बघून लव्हाळ्याचं नाव सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मी तिथल्या नाचुसा ग्रासलँड्स या राखीव गवताळ रानात स्वयंसेवक म्हणून बी गोळा करायला जातो. भलतंच बी नव्या पेरणीत गेलं की ते निवडून काढता येत नाही. म्हणून केरेक्स बिकनेली, म्हणजे बिकनेलचा लव्हाळा, आधी नीट ओळखायला शिकलो.

हे गवत नव्हे, एवढं लगेच कळतं. दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा बोटाला लागतात, आपल्याकडच्या नागरमोथ्यासारख्याच. खरी परीक्षा पुढे. केरेक्स या लव्हाळ्यांच्या कुळीच्या उत्तर अमेरिकेतच सुमारे ४८० जाती आहेत, आणि त्यातल्या ओव्हेलीस गटातली छोटी लंबगोल कणसं लांबून एकाच छापाची वाटतात.

जागेने थोडी मदत केली. एके काळी इलिनॉयमध्ये सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती. मूळ स्थितीतली आता हजारात एक भागही उरलेली नाही. नाचुसात जे तुकडे वाचले, ते मुख्यतः वालुकाश्माच्या टेकड्यांवर, जिथे नांगर चालवणं परवडत नव्हतं. सखल, पाणथळ भागात केरेक्स स्ट्रिक्टा या दुसऱ्या जातीचे उंच गड्डे असतात, त्यामुळे तो भाग आधीच सोडला. उतारावर, लेडप्लँट हे झुडूप आणि प्रेअरी ड्रॉपसीड हे गवत यांच्या संगतीत शोधायचं ठरलं. पण तिथेच त्याच गटातला केरेक्स ब्रेव्हिअरही उगवतो!

निकाल लागला तो जूनअखेरीस, फळं भरल्यावर. केरेक्समध्ये प्रत्येक फळ एका चिमुकल्या पिशवीत असतं, तिला पेरिजिनिअम म्हणतात. दहापट भिंगाखाली ब्रेव्हिअरची पिशवी जाडसर, जवळजवळ गोल, दांड्याकडे वळलेल्या बाजूला शिरा मोजक्याच किंवा नाहीतच. बिकनेलीची मोठी, साधारण सहा मिलिमीटर, पातळ पंखासारख्या कडेची. उन्हासमोर धरली की आतलं फळ सावलीसारखं दिसतं, शिराही स्पष्ट. एकाच पिशवीवर भरवसा ठेवू नये, वेगवेगळ्या कणसांतल्या बघाव्यात. कच्च्या फळांवर भिंग लावून डोळे शिणवण्यात अर्थ नाही, आणि फोनवरचं ॲप या गटात जे नाव देतं ते मी सरळ सोडून देतो.

तयार कणसं बोटांनी ओरबाडली की पिशव्या सुटून येतात. उशीर केला तर त्या गळून जातात आणि हातात नुसता दांडा राहतो.