उतारावरचा डेक : फळ्या बसल्या, कठडा बाकी

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर. मागच्या ओट्यावरून खाली उतरलं की परसबाग थेट शहराच्या दिशेने घसरत जाते. इतकी वर्षं तिथे शेवगा, कढीपत्ता आणि पाय घसरून पडलेले पाहुणे एवढंच पीक आलं. यंदा ओट्याला लागून १२ बाय १० फुटांचा डेक, म्हणजे लोखंडी खांबांवर लाकडी फळ्यांचा मोकळा ओटा, करायचं मनावर घेतलं. भराव टाकून सपाटी करा, असं तिघांनी सुचवलं. पण भराव म्हटला की तो धरायला भिंत आली, भिंतीमागे पाणी तुंबलं, आणि भिंत फुगली की खालच्या शेजाऱ्यांशी बोलणं बंद. त्यापेक्षा जमीन आहे तशी राहू दे, आपण खांबांवर उभं राहू.

मार्चअखेर, मोजणी

गवंड्यांची पातळी बघायची पाण्याची नळी आणली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का ते पाहिलं. उतार निघाला १२ फुटांत ३ फूट २ इंच.

पहिली चूक इथेच. टेप जमिनीवर टाकून १२ फूट मोजले आणि खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी दोरी आडवी ताणून ओळंबा सोडला, तर अंतर भरलं ११ फूट ७ इंच. पाच इंच गेले कुठे म्हणून बराच वेळ खुंट्यांकडे संशयाने पाहत बसलो. टेप बिचारा कर्ण मोजत होता. माझ्या उतारावर आडवे १२ फूट हवे असतील तर जमिनीवर टेपला १२ फूट ५ इंच यायला हवेत. त्यामुळे काटकोनासाठी ६-८-१० फुटांचा त्रिकोण घेतानाही दोरी आडवीच ताणायची, जमिनीला टेकवायची नाही.

शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. "मचाण का रे? राखण कशाची करणार, कढीपत्त्याची?"

एप्रिल, खड्डे

खांब नऊ, तीन-तीनच्या तीन रांगा. घराच्या जुन्या दगडी भिंतीला बोल्ट मारायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, डेक स्वतःच्या पायांवर. खड्डे दीड बाय दीड फूट. उतारावर खड्ड्याची खोली वरच्या काठापासून मोजली तर आपण स्वतःलाच फसवतो, खालच्या काठापासून मोजायची. वरच्या रांगेत अडीच फुटांवर कडक मुरूम लागला. खालच्या रांगेत साडेतीन फुटांपर्यंत नुसती भुसभुशीत माती, त्यात कौलांचे तुकडे आणि एक अख्खी कपबशी. म्हणजे पूर्वी कुणीतरी इथे भराव टाकून पाहिला होताच.

१४ मे

खडी-वाळू येऊन पडली होती, सिमेंट दुसऱ्या दिवशी यायचं होतं. दुपारी चारला गडाच्या अंगाने ढग चढले आणि वळीव कोसळला. पाऊणेक तास. मी छत्री घेऊन ओट्याच्या कडेला उभा.

माझी समजूत अशी, की पाणी चढावरून सरळ खाली जातं. तसं झालं नाही. ते टाकीच्या कोपऱ्यातून निघालं, वीतभर रुंदीची तांबडी धार करून बाग तिरकी कापत मधल्या रांगेच्या एका खड्ड्यात शिरलं. खड्डा भरला, काठावरून फुटला, आणि धार खालच्या रांगेतल्या डाव्या खड्ड्याला जेमतेम फूटभर अंतरावरून चाटून गेली. बाकीच्या खड्ड्यांत फक्त ओल. एवढ्या पावसात बागेतून पाण्याची वाट एकच होती, आणि मी खांब नेमका तिच्यावर काढला होता.

पाऊस थांबल्या थांबल्या, खुणा ओल्या असतानाच, क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती फक्की त्या वाटेवर सोडत गेलो. सकाळी गवंडीमामा आले आणि पांढऱ्या रेघेकडे बघत म्हणाले, "म्या म्हणलं नव्हतं का, आधी एक पाऊस बगा, मग खड्डं मारा? तुमास्नीच घाई." म्हणाले होते की नाही मला आठवत नाही, पण वाद घातला नाही.

पाणी वळवायचं की खांब हलवायचे? चर खणून पाणी बाजूला काढता आलं असतं, पण चर पालापाचोळ्याने बुजला की ते परत जुन्याच वाटेने येणार, आणि तेव्हा डेकखाली सरपटत जाऊन तो उपसणार कोण? खांब हलवले. मधली सगळी रांग सव्वा फूट वर सरकवली. त्यामुळे ६-६ फुटांचे गाळे ४ फूट ९ इंच आणि ७ फूट ३ इंच असे झाले. मोठ्या गाळ्यात दोन इंची चौकोनी पाईप झोके खाईल म्हणून फळ्यांखालच्या आडव्या पाईपांचं माप ३ बाय दीड इंच केलं आणि ते एक-एक फुटावर घेतले. खालचा डावा खांब दीड फूट आत घेतला, तेवढं चॅनल, म्हणजे खांबांवरची लोखंडी तुळई, त्याच्या बाहेर काढलं. सोडलेले खड्डे दगड-मुरमाचे थर देऊन धुमसाने ठोकले आणि पाण्याची वाट आहे तिथेच दगडांनी बांधून काढली.

काँक्रीट १:२:४, म्हणजे सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार. बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी, जमिनीपासून चार इंच वर ठेवली, नाहीतर खांबाच्या बुडाशी पाणी साचून आधी तोच गंजतो. फॅब्रिकेटरने आणलेली चौकट पाऊण इंच वाकडी होती. त्यांच्या मते माझी जमीन वाकडी होती. कर्ण मोजून दाखवले, मग कापून परत जोडली.

जूनचा पहिला आठवडा, फळ्या

सागवान वखारीतलं, जुन्या वाड्याच्या तुळयांचं. किती जुनं कुणास ठाऊक, पण वरून धुराने काळंकुळीत झालेलं. रंध्याचा पहिला हात फिरला आणि त्या काळ्यातून मधासारखा रंग वर आला, हाताला तेलकट लागणारा, आणि तो सागाचा कातड्यासारखा वास. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

जुन्या मालात खिळे असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक तुळईवरून फिरवलं, अकरा खिळे उपसले. बारावा सॉ मिलच्या पात्याला सापडला. पात्याचे पैसे मी भरले.

फळी पाच इंच रुंद, एक इंच जाड. लाकूड पावसाळ्यात लांबीत नाही, रुंदीत फुगतं, म्हणून कोरड्या हवेत बसवताना मध्ये दोन सुतांची (म्हणजे पाव इंचाची) फट ठेवली. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, म्हणजे सांध्यात पाणी धरून राहत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच. साध्या लोखंडी खिळ्याभोवती सागावर काळा डाग पडतो, ते उपसलेल्या अकरा खिळ्यांनी दाखवलंच होतं. वरून जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. मी दोरीवर पसरून वाळवल्या आणि घरून बोलणी खाल्ली.

ऑक्टोबर

पावसाळा काढला. ऑगस्टमध्ये फटी सव्वा सुतावर आल्या होत्या, आता परत उघडताहेत. पाणी दगडी वाटेने गेलं, खांब कोरडे. डेकची पातळी ओट्याहून दोन इंच खाली ठेवली होती, त्यामुळे घरात थेंब नाही. दोन फळ्यांची पांढरी कड, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, मात्र मी कंजूषपणाने ठेवली होती. तिला किड्यांनी टाचणीएवढी भोकं पाडली आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतोय. त्या बदलाव्या लागणार. नारेच्या, म्हणजे गाभ्याच्या, लाकडाला कुणी तोंड लावलेलं नाही.

कठडा साडेतीन फुटांचा धरला होता. काल संध्याकाळी खुर्ची टाकून बसलो आणि मुलाला त्या उंचीवर बांबू आडवा धरायला लावला. बांबू नेमका शहराच्या दिव्यांवर आला. उतरत्या बाजूला जमीन तीन फुटांहून जास्त खाली आहे, त्यामुळे कठडा बुटका करता येत नाही. आता वरच्या दांडीला बारीक पाईप घेऊन खाली तारा ओढाव्यात, की खुर्च्यांचेच पाय कापावेत, या विचारात आहे. रविवारी परत बांबू धरून बघणार. मुलगा आत्तापासूनच क्लास आहे म्हणतोय.