घारापुरीचा हत्ती बघायला भायखळ्याला

उरणजवळच्या आमच्या मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर घारापुरी दिसते. सासरे, म्हणजे आबा, उभा जन्म त्या बेटाच्या आजूबाजूला जाळी टाकत आले. पण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो भायखळ्याला आहे, एवढंच ऐकून होते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलाने राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा हट्ट धरला, तेव्हा मी म्हटलं, आबांनाही घेऊन जाऊ. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि हत्ती त्याच्याच आवारात उभा आहे.

उरणहून आता लोकलही आहे, पण आबांना लाँचनेच जायचं होतं. मोऱ्याला गाळ इतका साचलाय की मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लाँच धक्क्याला लागत नाही, तासन् तास बंद असते. म्हणून आमच्याकडे मुंबईचा बेत घड्याळाआधी तिथीवर ठरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ह्यांना सुट्टी शनिवारी होती, पण त्या दिवशी चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि सुकती सकाळी नऊच्या सुमाराला, नेमकी आमच्या निघायच्या वेळी. आबांनी सप्तमी सुचवली, तर तो निघाला बुधवार. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, हे मी आधी बघून ठेवलं होतं म्हणून बरं. शेवटी अष्टमीचा गुरुवार ठरला. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी पुन्हा सहाला, आणि मध्ये भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, ते फार आटत नाही. ह्यांना रजा मिळाली नाही, मग आम्ही तिघंच निघालो.

सकाळच्या लाँचने पाऊण-एक तासात भाऊच्या धक्क्याला उतरलो. तिथे माझी एक चूक झाली. टॅक्सीवाल्याला मी नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं. मुंबईत म्युझियम म्हणजे फोर्टातलं मोठं वस्तुसंग्रहालय, त्यामुळे त्याने गाडी सरळ दक्षिणेला घेतली. पी. डी’मेलो रस्त्यावर बरंच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. वळून येण्यात वेळही गेला आणि पैसेही. तुम्ही जाणार असाल तर ‘राणीची बाग’ असंच सांगा.

मुलाला आधी पेंग्विन हवे होते. मी ऐकलं नाही आणि तेच योग्य झालं. सुट्टीत पेंग्विनची रांग लांबलचक असते. तिथे तासभर उभं राहिल्यावर आबांच्या गुडघ्यांत संग्रहालयापुरता जोर उरला नसता.

हत्ती बाहेरच्या आवारात आहे, खऱ्या हत्तीच्या मापाचा, काळ्या दगडाचा. आबा त्याच्यासमोर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूहळू त्याच्याभोवती चालायला लागले. होडीला फळी मारली की सांध्यावर नजर फिरवतात, तसे ते वाकून पाहत होते. दगडावर जोड दिसतात, अंगभर. मी त्यांना वाचलेलं सांगितलं. १८६४ साली इंग्रजांनी हा हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आबा म्हणाले, “म्हंजे यो फुटला म्हनून आपल्याकडं ऱ्हायला.” मला ते वाक्य दिवसभर पुरलं. आख्खा उचलला गेला असता तर तो आज कुठल्या परक्या शहरात असता.

संग्रहालयाची इमारत १८७२ सालची. आत पाऊल टाकलं आणि मुलगा एकदम गप्प झाला. बिडाचे उंच खांब, वर सोनेरी नक्षी, पायाखाली रंगीत फरशा. पाच वर्षं डागडुजी करून २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि ते काम किती जीव लावून केलंय हे कुठल्याही खांबापाशी उभं राहिलं तरी कळतं. आधी त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं नाव होतं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं दिलं. मुलाने विचारलं, धक्कावाले भाऊ आणि हे भाऊ एकच का? नाही. धक्का बांधला तो भाऊ अजिंक्य यांनी. हे भाऊ दाजी डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. महारोगावर औषध शोधणारे, जुने शिलालेख वाचणारे, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून खपणारे. त्यांचं नाव इथे लागलं हे मला मनापासून आवडतं.

वरच्या मजल्यावर जिन्याने सावकाश गेलो, मध्ये दोनदा थांबून. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतल्या माणसांच्या. प्रत्येकाचा पेहराव वेगळा, पागोटं वेगळं, हातातलं काम वेगळं. वीतभर उंचीच्या बाहुलीच्या पागोट्याच्या घड्यासुद्धा मोजता येतात. मुलगा काचेला नाक लावून एकेक ओळखत होता आणि चुकला की आबा त्याला सांगत होते, हे असं आमचे आजोबा नेसायचे, ते तसं बाजारातले शेटजी बांधायचे. मी काही बोलले नाही. दोघांना तिथेच सोडून पलीकडच्या बाकावर बसले. संग्रहालयासाठी दोन तास धरले होते, ते इथेच सरले, आणि बाकीचं थोडं राहून गेलं याचं मला दुःख नाही.

बागेत डबा खाल्ला. पेंग्विनची रांग दुपारी जरा कमी झाली होती, मुलगा आणि मी पाहून आलो. त्याला आवडले. आबा तेवढ्यात सावलीत पडून होते. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो घोड्यावरच्या राजाचा पुतळाही त्याच बागेत ठेवलाय, तो जाता जाता पाहिला.

पाचच्या सुमाराला परतीची लाँच मिळाली. पाणी चढत होतं, वारा कमी होता. घारापुरी डाव्या हाताला आली तशी मुलाने विचारलं, “आबा, हत्ती कुठं उभा होता?” आबांनी हात उचलून बेटाची दक्षिणेची बाजू दाखवली, राजबंदराकडची. “थं. आमी जालं ओढायचो त्याच्या वरच्या अंगाला.” मग दोघंही बेट मागे पडेपर्यंत तिकडेच बघत राहिले.

मोऱ्याला पोचलो तेव्हा भरती भरत आली होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीशी. आबा माझा हात न धरता उतरले.