विहिरीपासून पुण्यापर्यंतचे खासगी जाळे : प्रमाणपत्रे देण्याची आणि काढून घेण्याची नोंद

औसा तालुक्यातील शेतावर विहिरीजवळ बसवलेला रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक; पुढे नुसता ‘पाय’), लातूरच्या घरातील फाइल सर्व्हर, अण्णांचा फोन आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाचा फोन व लॅपटॉप ही सर्व उपकरणे आता एकाच खासगी जाळ्यात आली असून, प्रत्येक उपकरण स्वतःचे प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवूनच आत येते. सर्व्हरच्या उभारणीविषयी आपल्यापैकी अनेकांनी चांगले लिहिले आहे, म्हणून तो भाग थोडक्यात सांगतो. शेतावरच्या सिम कार्डाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपन्या बहुधा १००.६४.०.०/१० या सामाईक पट्ट्यातील पत्ता देतात आणि बाहेरून तिथपर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळे ओपनव्हीपीएनचा (असे खासगी जाळे चालवणाऱ्या प्रणालीचा) सर्व्हर भाड्याच्या क्लाउड मशीनवर आहे, आणि शेत व घर ही दोन्ही ठिकाणे त्याचे क्लायंट, म्हणजे त्याला जोडणारी उपकरणे, आहेत. जाळ्यासाठी १०.४७.०.०/२४ हा पट्टा निवडला, कारण १९२.१६८.१.० हा पट्टा निम्म्या घरांतील राउटरवर असतो आणि पाहुण्यांच्या घरून जोडणी करताना दोन्ही पत्ते एकमेकांवर आदळतात.

खरे काम प्रमाणपत्रांचे आहे. माझे मत असे की, पहिले प्रमाणपत्र देण्यापूर्वी ते रद्द कसे करायचे याची व्यवस्था उभी असावी. सामाईक पासवर्ड बदलला की तो सर्वांना पुन्हा कळवावा लागतो. प्रमाणपत्रांच्या पद्धतीत एकच उपकरण वगळता येते आणि बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही. हा लाभ मिळायचा असेल तर प्रमाणपत्र माणसाला न देता उपकरणाला द्यावे लागते. भावाच्या फोनचे वेगळे, लॅपटॉपचे वेगळे, आणि नावही त्या उपकरणाचेच.

प्रमाणपत्रांवर सही करणारी मूळ किल्ली ईझी-आरएसए ३ या प्रमाणपत्रे बनवणाऱ्या साधनात तयार केली असून, ती एका जुन्या लॅपटॉपवर ठेवली आहे, जो कोणत्याही जाळ्याला जोडलेला नाही. शेतावरील पाय आणि घरचा सर्व्हर यांनी आपापली खासगी किल्ली स्वतः तयार केली. सहीसाठी फक्त विनंतीची फाइल पेन ड्राइव्हवरून आली आणि प्रमाणपत्र परत गेले, म्हणजे किल्ली त्या यंत्राबाहेर कधी पडलीच नाही. फोनच्या बाबतीत मात्र तडजोड केली. फोनवर विनंती तयार करणे अण्णांसाठी कठीणच आहे, त्यामुळे किल्ली व प्रमाणपत्र लॅपटॉपवर तयार करून, पासवर्ड असलेल्या पीकेसीएस-१२ फाइलमध्ये (किल्ली व प्रमाणपत्र एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये) बांधून, केबलने फोनवर उतरवले आणि मधली फाइल पुसून टाकली. व्हॉट्सॅपवरून अशी फाइल पाठवणे मला मान्य नाही, कारण ती किती ठिकाणी साठून राहील याचा हिशेब कोणालाच लागत नाही. सर्व क्लायंटच्या फाइलमध्ये समोरचे प्रमाणपत्र सर्व्हरसाठीच दिलेले आहे का, हे तपासणारी ओळ घातली आहे. ती नसेल तर आपल्याच जाळ्यातील एखादा क्लायंट सर्व्हर असल्याची बतावणी करू शकतो.

आता रद्द करण्याविषयी. भावाने फोन बदलला, तेव्हा जुन्या फोनचे प्रमाणपत्र रद्द करून सीआरएल, म्हणजे रद्द प्रमाणपत्रांची यादी, सर्व्हरवर चढवली. जुना फोन मुद्दाम जोडलेलाच ठेवला होता आणि तो लगेच तुटला नाही. ओपनव्हीपीएन ही यादी नवी जोडणी होताना आणि किल्ल्यांची पुनर्बोलणी होताना, म्हणजे चालू जोडणीच्या किल्ल्या ठरावीक वेळाने नव्याने ठरताना, तपासतो, आणि पुनर्बोलणीचा मूळ कालावधी ३६०० सेकंदांचा असतो. म्हणजे रद्द झालेले उपकरण जास्तीत जास्त तासभर आत राहू शकते. फोन चोरीला गेला असेल तर तासभर थांबणे परवडणारे नाही. अशा वेळी आधी यादी चढवून मग व्यवस्थापन इंटरफेसवरून (चालू सर्व्हरला आज्ञा देण्याच्या सोयीतून) त्या नावाची जोडणी तोडावी. क्लायंट आपोआप पुन्हा जोडू पाहतो आणि या वेळी दारातच अडतो. याशिवाय प्रत्येक क्लायंटच्या नावाची स्वतंत्र फाइल असल्याशिवाय प्रवेशच न देणारी सोयही मी सुरू ठेवली आहे, त्यामुळे लातूरबाहेर असताना जुना लॅपटॉप हाताशी नसला, तरी ती फाइल काढून नवी जोडणी थांबवता येते.

या यादीलाही मुदत असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ईझी-आरएसएमध्ये ती मुळात १८० दिवसांची आहे, आणि ओपनव्हीपीएन २.४ पासून यादीची मुदत संपली की सर्व्हर सगळ्याच क्लायंटना नाकारतो. सही करणारी किल्ली जाळ्याबाहेर असल्यामुळे नवी यादी आपोआप तयार होत नाही, ती हाताने करावी लागते. मी त्यासाठी गुढीपाडवा आणि दसरा हे दोन दिवस ठरवले आहेत. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारे पुसून पूजेला मांडतात, त्यात तो जुना लॅपटॉपही बाहेर निघतो. मात्र २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे अंतर १८६ दिवसांचे; २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ते २१५ दिवसांवर जाते. म्हणून यादीची मुदत २४० दिवस केली आहे. प्रमाणपत्रांची मूळ मुदत ८२५ दिवसांची असते. शेतावरच्या पायसाठी ती अशी बेतली की शेवट उन्हाळ्यात येईल, कारण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावरून गाडी नेणे शक्य होत नाही.

शेतावर घड्याळाचाही प्रश्न असतो. पाय ४ मध्ये स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नाही. वीज आल्यावर तो बंद पडण्यापूर्वी साठवलेल्या वेळेपासून सुरू होतो आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत मागेच राहतो. डीपी (गावचे रोहित्र) जळाली तर वीज कित्येक दिवस येत नाही. त्या काळात सर्व्हरचे प्रमाणपत्र नवे झाले असेल, तर मागे पडलेल्या घड्याळाला ते अद्याप वैध न झालेले दिसते आणि पाय जोडणी नाकारतो. सिमची रेंज कमजोर असेल तर ही अवस्था लांबते. त्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल नाणे-सेलसह बसवले आहे. शेतावर असे जाळे नेणाऱ्या प्रत्येकाने ते बसवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आत आल्यावर कोणी कुठे जायचे, हे सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ठरते. क्लायंटनी परस्परांशी थेट बोलण्याची सोय बंद आहे. अण्णांचा फोन फक्त विहिरीच्या मोटारीच्या नियंत्रकापर्यंत पोहोचतो, आणि भावाची उपकरणे घरच्या फाइल सर्व्हरपर्यंतही जातात.

पुढचे काम बाहेरच्या आवरणाचे आहे. सध्या सर्व उपकरणांत टीएलएस-क्रिप्टची, म्हणजे जोडणीची सुरुवातीची बोलणीही झाकणाऱ्या सोयीची, एकच सामाईक किल्ली आहे. ती नसलेल्याला सर्व्हर उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपडणाऱ्यांना तिथे काही असल्याचे कळत नाही. परंतु भावाच्या जुन्या फोनचे प्रमाणपत्र रद्द झाले, तरी ही किल्ली त्या फोनमध्ये तशीच आहे. ओपनव्हीपीएन २.५ मध्ये आलेल्या टीएलएस-क्रिप्टच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक क्लायंटला वेगळी किल्ली देता येते. आधी दोन्ही फोन, मग घर, आणि रब्बीची पेरणी उरकली की शेत, या क्रमाने मी ती बदलणार आहे.