साठ मिनिटांची अट

खेळाचं नाव सांगता येणार नाही, करारात तसं लिहिलंय. एवढं सांगतो की तो युद्धनीतीचा खेळ आहे, दुसरा भाग आहे, आणि पहिला भाग आम्ही बनवलेला नाही. तो बनवणारा स्टुडिओ कधीच बंद पडला. हक्क युरोपातल्या प्रकाशकाकडे आणि दुसऱ्या भागाचं काम नागपुरात, दक्षिण अंबाझरी रोडवरच्या आमच्या ऑफिसात. ऐकणाऱ्याला हे अजब वाटतं, पण या धंद्यात असं सर्रास चालतं. 'एज ऑफ एम्पायर्स' बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बंद केला. चौथा भाग २०२१ मध्ये आला तो मुख्यतः रेलिक या दुसऱ्या स्टुडिओने बनवलेला. खुद्द रेलिकने १९९९ मध्ये काढलेल्या 'होमवर्ल्ड'चे हक्क टीएचक्यू या प्रकाशकाच्या दिवाळखोरीनंतर २०१३ च्या लिलावात गिअरबॉक्स या तिसऱ्याच कंपनीने घेतले. नांगरणारा एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

प्रकाशक एकदा पैसे देतो आणि शेवटी गेम घेऊन जातो, असं लोकांना वाटतं. (नातेवाइकांना तर मला गेम खेळायचा पगार मिळतो असंच वाटतं, तो विषय सोडा.) प्रत्यक्षात पैसे माइलस्टोनप्रमाणे येतात. कराराच्या शेवटी यादी असते: अमुक तारखेला अमुक गोष्टी चालत्या दाखवायच्या. आम्ही बिल्ड, म्हणजे गेमची त्या घडीची चालती प्रत, चढवायची, त्यांच्या प्रोड्यूसरने ती तपासून सही करायची, मग आमचं बिल आणि मग पगार. सही अडली की धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत बऱ्याच घरांचे हप्ते अडतात.

ज्या माइलस्टोनची ही गोष्ट, त्यात एक अट माझ्या गळ्यातली होती: आठ खेळाडूंची मॅच साठ मिनिटं चालली पाहिजे, डीसिंक न होता.

डीसिंक म्हणजे काय ते सांगतो, कारण हाच माझा प्रांत. युद्धनीतीच्या खेळात हजारो सैनिक असतात. प्रत्येकाची जागा दर क्षणी नेटवरून पाठवणं परवडत नाही. म्हणून फक्त हुकूम पाठवायचे, 'हे रणगाडे पुलाकडे', आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरने सगळं युद्ध आपापलं मोजायचं. मोजणी शेवटच्या बिटापर्यंत सारखी आली पाहिजे. नाही आली की डीसिंक. पहिल्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये हेच तंत्र होतं, तेही २८.८ च्या मोडेमवर. साधारण २०० मिलिसेकंदांची एक पाळी, आणि या पाळीत दिलेला हुकूम दोन पाळ्यांनंतर अमलात. ते बनवणाऱ्यांनी २००१ मध्ये आपला अनुभव लिहून काढला. त्यात एक हरिण आहे. नकाशा तयार होताना ते एका मशीनवर किंचित सरकलं, तर काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याचा भाला चुकतो आणि दोन मशीनवर दोन वेगळे खेळ सुरू होतात. आमच्याकडे नवा पोरगा आला की मी त्याला आधी ते वाचायला देतो.

तर मे महिन्यातला शुक्रवार. कूलर दोन, माणसं तीस. संध्याकाळी त्यांच्या सहाच्या आत, म्हणजे आपल्या साडेनऊच्या आत, बिल्ड द्यायची होती. दुपारच्या मॅचमध्ये चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास लाल पट्टी आली: डीसिंक. पुन्हा खेळलो, पुन्हा त्याच सुमारास.

लॉग काढले. आठही मशीनवर प्रत्येक सैनिकाची जागा तीच, जखमा त्याच, इंधन तेच. फरक फक्त एका ठिकाणी होता. युद्धातल्या योगायोगाच्या गोष्टी ठरवणाऱ्या रँडम आकड्यांची जी रांग सगळ्यांनी बरोबरीने ओढायची असते, ती दोन मशीनवर दोन घरं पुढे गेली होती. कोणीतरी दोन आकडे जास्त उचलले होते. कोणी, ते लॉग सांगत नव्हता. मग जास्त नोंदी चालू करून त्याच मॅचचा रिप्ले, म्हणजे साठवलेला खेळ, पुन्हा लावला, तर साठ मिनिटं स्वच्छ! डीसिंकमध्ये याहून वाईट काही नसतं. दोष दिसला तर पकडता येतो. इथे बघायला गेलं की तो गायब.

धागा टेस्टिंगच्या पोराने दिला. खुर्चीत मागे रेलून तो सहज म्हणाला, "भाऊ, माझा कॅमेरा तवा पुलावर होता. दुसऱ्या मशीनवाल्याचाबी तिथंच होता ना." आणि मला उलगडलं. रिप्लेमध्ये हुकूम साठवले जातात, कॅमेरा नाही. म्हणजे आकडे उचलणारं जे काही होतं, ते फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर चालत होतं.

ती धूळ होती. प्रकाशकाच्या मार्केटिंगला ट्रेलरसाठी जड रणगाड्यांमागे छान धुळीचे लोट हवे होते. ते काम बाहेरच्या आर्ट टीमकडून त्यांनीच करून घेतलं आणि थेट आमच्या कोडमध्ये आणून घातलं. दिखाव्यासाठी रँडमची वेगळी रांग असते. धुळीने मात्र युद्धाच्या रांगेतून आकडे उचलले. जड रणगाडे चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास येतात, धूळ फक्त कॅमेऱ्यासमोर उडते. हिशेब जुळला. दुरुस्ती एका ओळीची. ट्रेलरवाल्यांना सुंदर काय ते कळतं, खेळ कशावर उभा आहे ते कळत नाही, आणि ते कोणी त्यांना सांगतही नाही.

पण नवी बिल्ड बनायला वेळ, वर साठ मिनिटांची मॅच. साडेनऊ टळणार हे उघड होतं. आमच्या सरांनी प्रोड्यूसरला कॉल लावला. मी आणि दादा शेजारी बसलो. दादा म्हणजे आमचा मुख्य डिझायनर.

आता रसदीचं सांगायला हवं. पहिल्या भागात रणगाड्यांना इंधन आपोआप मिळत नसे. ट्रकची रांग मागे लावावी लागे, आणि शत्रूने रस्ता तोडला की फौज जागच्या जागी उभी. जुने खेळणारे याच गोष्टीसाठी जीव टाकतात. प्रकाशकाच्या चाचण्यांत मात्र नवे खेळाडू तिसऱ्या मोहिमेत सोडून जायचे. रणगाडे का थांबले, हेच त्यांना कळायचं नाही. प्रोड्यूसर कित्येक महिने मागे लागला होता की रसद आपोआप करा. सिड मायरच्या 'सिव्हिलायझेशन'वाल्यांचा नियम तो ऐकवायचा: पुढच्या भागात एक तृतीयांश जुनं, एक तृतीयांश सुधारलेलं, एक तृतीयांश नवं. दादाचं उत्तर ठरलेलं होतं: २०१० च्या चौथ्या 'कमांड अँड कॉन्कर'ने तळ बांधणंच काढून टाकलं, लोकांनी काय केलं ते बघा.

कॉलवर त्या माणसाने धुळीची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, दोष आमच्याकडून आलाय हे मला दिसतंय, पण अट ती अट. आज रात्री बाराच्या आत मॅच दाखवलीत तर मी सही करतो, तारीख आजचीच धरतो. आणि त्याच दमात पुढे, "सोमवारी आमच्याकडे बैठक आहे, कोणते प्रकल्प चालू ठेवायचे त्याची. मला काहीतरी घेऊन जावं लागेल. पुढच्या माइलस्टोनपासून रसद आपोआप. हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी."

सरांनी माइक बंद केला, आमच्याकडे पाहिलं, माइक चालू केला आणि हो म्हणाले. दादा उठला. "विकून टाकला ना बे गेम," एवढंच म्हणाला आणि खाली टपरीवर गेला.

रात्रीच्या मॅचला आठवा खेळाडू म्हणून तो प्रोड्यूसर स्वतः घरून बसला. दादाही परत आला, बोलला कोणाशी नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला आमचे रणगाडे पुलावर थांबले. त्या माणसाने उत्तरेकडच्या जंगलातून चार हलक्या गाड्या आणून आमच्या ट्रकचा रस्ता तोडला होता. इतकी नेमकी चाल की दादाच्या तोंडून "वा" निघालं. ती वाट पहिल्या भागात महिनोन्महिने घालवलेल्यालाच सुचावी. म्हणजे आपण काय काढायला लावतोय, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. साठ मिनिटं पार पडली, लाल पट्टी आली नाही, सही झाली.

तेव्हापासून ठरवतोय, त्याने आम्हाला सांभाळून घेतलं की आमची मान सापडली म्हणून सौदा केला? करारानुसार तो बिल्ड नाकारू शकत होता. मग दुरुस्तीची मुदत, फेरतपासणी, आणि सोमवारच्या बैठकीत 'उशीर' असा शिक्का. ते त्याने टाळलं. पण मॅच झाल्यावर, निवांतपणे, तीच मागणी केली असती तर सर हो म्हणाले असते का? सर म्हणतात, असतेच. मला नाही वाटत.

पुढच्या चाचणीत नवे खेळाडू तिसरी मोहीम ओलांडून गेले, हे खरं आहे. दादा म्हणतो, "ओलांडून गेले, पण खेळले का?" तेही खोटं नाही.

तो प्रोड्यूसर आता दुसऱ्या प्रकल्पावर गेलाय. नवीन बाईंचा मेल आला आहे: हाताने रसद चालवायचा पर्याय पूर्ण काढला तर टेस्टिंगचे किती तास वाचतील? दोन वाटा ठेवायच्या म्हणजे प्रत्येक डीसिंक चाचणी दोनदा, आणि ती दोनदा करणारा मीच. आकडा मला लिहायचा आहे. खरा लिहिला तर तो मोठा येतो, आणि तो वाचून कोणीही 'काढा'च म्हणेल. सरांना उत्तर सोमवारपर्यंत हवंय. मेल आलाय हे दादाला माहीत आहे, पण आकडा त्याने अजून विचारलेला नाही.