आमची वाटचाल : काजूचा कारखाना आणि लोकांचे भांडवल

वेंगुर्ले तालुक्यातील आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना १९९८ पासून चालू आहे. काजू बी बाजारात येते ती मुख्यतः मार्च ते मे या काळात, आणि कारखाना मात्र बारा महिने चालवायचा असतो. म्हणजे वर्षभराच्या कच्च्या मालाची खरेदी तीन महिन्यांत, रोख पैसे मोजून करावी लागते. ती बी वाळवायची, गोदामात कोरडी ठेवायची, मग वाफवून, फोडून, गर सुकवून आणि साल काढून त्याची प्रतवारी करायची. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर हाती लागतो आणि त्याचे पैसे दिवाळीच्या मोसमापर्यंत टप्प्याटप्प्याने परत येतात. बँक खेळत्या भांडवलासाठी कर्ज देते, पण त्यासाठी तारण मागते आणि मालकाचा स्वतःचा हिस्साही मागते. तो हिस्सा उभा करण्यासाठी आम्ही गावातील आणि मुंबईतील आपल्याच माणसांकडे गेलो. कारखान्यातील यंत्रांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिता येईल. येथे लिहायचे आहे ते या माणसांविषयी, आणि कंपनीत पैसे घालण्याकडे कोकणातील माणूस कसा पाहतो याविषयी.

कोकणात पैसा नाही, हे विधान मला कधीच पटलेले नाही. गिरणीतून, गोदीतून आणि कचेऱ्यांतून मनीऑर्डरने आलेल्या पैशावर येथील घरे उभी राहिली, मुले शिकली. जे शिल्लक राहिले ते पोस्टात, बँकेच्या मुदत ठेवीत, आयुर्विम्यात, सोन्यात आणि कलमांच्या बागेत गेले. आम्ही भागभांडवलाची गोष्ट काढली की पहिला प्रश्न ठरलेला असे : "व्याज किती देतलात, ता सांगा." शेअरला व्याज नसते, नफा झाला तर लाभांश मिळतो आणि तोटा झाला तर तो सर्वांचा असतो, असे सांगितल्यावर दुसरा प्रश्न येई : "आणि पैसे बुडले तर कोण देतलो?" अनेकांनी शेअर नाकारून ठेव म्हणून पैसे ठेवण्याची तयारी दाखवली. ते आम्ही घेऊ शकत नव्हतो, कारण खासगी कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी स्वीकारण्यास कायद्याची मनाई आहे. मनाई नसती तरी मी ठेवी घेतल्या नसत्या. बीचा भाव एका हंगामात कोसळतो किंवा चढतो, अवेळी पावसाने मोहोर गळतो, आणि ठरलेले व्याज मात्र या कशाचीही वाट पाहत नाही. असा व्यवसाय तोट्यातही वाटेकरी होणाऱ्या पैशावरच उभा करावा लागतो.

या दोन प्रश्नांवरून कोकणी माणूस भित्रा किंवा अडाणी आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. तो अन्यायाचा आहे, कारण याच किनाऱ्यावरच्या लोकांनी एकेकाळी आगबोटींच्या कंपनीलाही आपले मानले होते. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हे अधिकृत नाव फारसे कोणी घेत नसे. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. परक्या कंपनीऐवजी आपल्या माणसांच्या बोटीने प्रवास करावा, ही स्वदेशीची भावना तिच्यामागे होती. १७ जुलै १९४७ रोजी याच कंपनीची 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपलेपणाने उभ्या राहिलेल्या कंपनीवरही केवढी जबाबदारी असते, हे त्या आठवणीतून या किनाऱ्याला कायमचे कळले आहे, असे मला वाटते.

कोकण रेल्वेचे उदाहरण तर आमच्या डोळ्यांसमोरचे. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री असताना त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये भागीदार झाली, आणि उरलेला मोठा पैसा करमुक्त रोख्यांतून उभा करण्यात आला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. आमच्या ओळखीतील ज्या मुंबईकरांना कंपनी हा शब्द नको होता, त्यांना रेल्वेच्या रोख्यांविषयी शंका नव्हती. परतफेडीची तारीख ठरलेली, व्याज ठरलेले, आणि रेल्वे कोठेही पळून जाणार नाही ही खात्री.

त्याच दशकात याच्या उलट अनुभवही आले. सागवान लावून काही वर्षांत कित्येक पट पैसे देऊ, अशा जाहिराती करणाऱ्या लागवड कंपन्यांचे देशभर पेव फुटले होते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, तोवर अनेकांचे पैसे गेलेले होते. पुढे गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन ही मूळ अमेरिकी कंपनीच दिवाळखोरीत गेली. एवढी मोठी कंपनी बुडते, मग गावातली कंपनी किती दिवस टिकणार, हा प्रश्न आम्हाला त्या काळात सतत विचारला गेला, आणि विचारणाऱ्याची काळजी खरी होती.

तरीही एक गोष्ट मला विचारात पाडत राहिली. आम्हाला शेअरसाठी नकार देणारी हीच माणसे देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या खोलीला, वाडीच्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायवाटेला, मोठ्या रकमा देतात आणि एक पैसाही परत मागत नाहीत. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे ही त्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. नळपाणी योजनेतही लोकवर्गणीचा भाग असतो. जलजीवन मिशनमध्ये गावातील कामाच्या खर्चाचा दहा टक्के, आणि डोंगराळ व वनक्षेत्रातील गावांत पाच टक्के वाटा गावाने उचलावा अशी अपेक्षा आहे. तो देताना कुरकुर होते, पण तो जमतो. म्हणजे पैसे सोडून देण्याची तयारी आहे आणि पैसे सुरक्षित ठेवण्याची सवय आहे. या दोहोंच्या मधली जागा, जेथे जोखीम आणि लाभ दोन्ही वाटून घ्यायचे असतात, ती आपल्याकडे रिकामी राहिली आहे.

सार्वजनिक सेवांविषयी लोकांची समज मात्र स्पष्ट आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. आडवळणाच्या वाडीत जाणारी एसटी नफ्यात चालावी असे कोणी म्हणत नाही. १९४८ पासून एसटी ज्या कामासाठी धावते आहे ते काम तिकिटाच्या पैशात मोजता येत नाही, आणि मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाच्या सवलतीचा भार राज्य सरकारने उचलायचा असतो. सेवेचा तोटा सर्वांच्या करातून भरला जातो. आमच्यासारख्या कारखान्याचा तोटा भरायला कोणी नसते, म्हणून तेथे लोकांनी अधिक चौकशी करावी हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो चौकशी करण्यासाठी त्यांना जागा मिळते का, हा.

देवस्थानाच्या वर्गणीवर लोक विश्वास का ठेवतात, याचा विचार करताना मला त्याचे उत्तर हिशेबाच्या बैठकीत सापडले. तेथे जमा-खर्च मोठ्याने वाचला जातो, आणि मंडप कोणी किती रुपयांना घातला हे कोणीही उभे राहून विचारू शकतो. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आम्ही हेच रूप दिले. कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि चाकरमानी गणपतीला घरी आलेले असतात, त्यामुळे गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरचा दिवस आम्ही त्यासाठी ठरवून टाकला. ताळेबंद मराठीत छापून एकवीस दिवस आधी घरोघर जातो. बी कोणत्या भावाने घेतली, ३२० नंबरचा (आकारावरून ठरलेल्या प्रतीचा) अख्खा गर आणि तुकडा कोणत्या भावाने विकला, टरफलांचे किती आले, बँकेला व्याज किती गेले आणि संचालकांनी स्वतः पगार किती घेतला, हे सर्व वाचले जाते. शेवटच्या बाबीवर सर्वाधिक प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत.

भागधारक एकदम वाढले नाहीत. पूर्वी खासगी कंपनीत पन्नास सभासदांची मर्यादा होती, ती २०१३ च्या कायद्याने दोनशे झाली. आम्हाला ती मर्यादा कधी आडवी आली नाही. शेतकऱ्यांची असते तशी उत्पादक कंपनी करावी असा सल्लाही मिळाला. ती रचना चांगली आहे, कारण शेअर कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते; परंतु तिचे सभासद उत्पादकच असावे लागतात, आणि आमचे निम्मे भागधारक निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि मुंबईतील नोकरदार आहेत. या माणसांची कसोटी २०२० मध्ये लागली. टाळेबंदी नेमकी बीच्या हंगामात आली आणि त्या वर्षी लाभांश देता आला नाही. सभेत कारणे आकड्यांनिशी मांडली, दोन तास प्रश्नोत्तरे झाली आणि पैसे परत द्या असे कोणी म्हटले नाही. आमच्या वाटचालीतील सर्वांत मोठी मिळकत मी त्या सभेला मानते.

आता तरुण भागधारक वेगळा प्रश्न घेऊन येतात. मे २०२२ मध्ये एलआयसीच्या शेअरसाठी पॉलिसीधारकांना ९४९ रुपयांवर साठ रुपयांची सवलत होती, आणि त्या निमित्ताने आमच्या भागातील कित्येक घरांत पहिल्यांदा डीमॅट खाते उघडले गेले. शेअर बाजारात आला तो पहिल्याच दिवशी त्या किमतीच्या खाली. घरातील वडीलधाऱ्यांनी ते मनाला लावून घेतले, मुलांनी घेतले नाही. त्यांना भाव रोज वरखाली होतो हे ठाऊक आहे. तुमच्या शेअरचा आजचा भाव काय, आणि तो विकायचा कोठे, असे ते आम्हाला विचारतात. लघुउद्योगांसाठी शेअर बाजारात २०१२ पासून स्वतंत्र मंच आहे, तेथे जावे अशीही सूचना आली. आमच्या उलाढालीला तो खर्च पेलणारा नाही, आणि बीच्या हंगामावर चालणाऱ्या धंद्याचा भाव रोज ठरावा हे मला हितकारक वाटत नाही.

परंतु त्यांच्या प्रश्नातील अर्धा भाग खरा आहे. खासगी कंपनीचा शेअर सहज विकता येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यासाठी पैसे लागले तर कागदावरच्या किमतीचा उपयोग होत नाही. मुदत ठेव मोडता येते, सोने गहाण ठेवता येते. आमचा शेअर तसा नाही, आणि लोकांच्या नकारामागे हे एक पक्के कारण होते. म्हणून यंदाच्या सभेपुढे नियमावलीतील दुरुस्तीचा ठराव ठेवला आहे : दरवर्षी ताळेबंदावरून सनदी लेखापालाने शेअरची किंमत ठरवावी, विकू इच्छिणाऱ्याची नावनोंदणी करावी, आणि तो शेअर प्रथम इतर भागधारकांना व कारखान्यातील कामगारांना त्या किमतीने देऊ करावा. मसुदा सर्वांना पाठवला आहे. साल काढणाऱ्या विभागातील काही महिलांनी शेअर घेण्याची तयारी आताच कळवली आहे, आणि त्यांना हप्त्याने पैसे भरता यावेत यासाठी काय करता येईल, याची चर्चा लेखापालांशी चालू आहे.